उचललेलं बोट

पिनमणीने उजव्या हाताची तर्जनी वर उचलली, तशा समोरच्या अकरा जणांनीही आपापल्या तर्जन्या वर उचलल्या.

"अशी. आता फक्त अंगठा आणि मधलं बोट. घाई करायची नाही. गांजा कागदात मागेपुढे खेळवत राहायचा. त्याचा गोल झाला, की कागद आपणहून वळतो."

शेवटच्या रांगेत बसलेल्या इन्थांनी मान डोलावली. वाक्य अगदी बरोबर आलं होतं. 'आपणहून वळतो' हे शब्दसुद्धा.

त्यांच्या मांडीवर केळीच्या पानाची पुडी होती. आत चिकट भात आणि केळं, पिनमणीच्या आवडीचं, अजून कोमट. दर वर्षी गुरुपूजेच्या या गुरुवारी ती फुलं घेऊन डोंगरावर त्यांच्या घरी यायची. यंदा आली नाही. आजारीबिजारी पडली की काय, म्हणून ते सकाळच्या गाडीने च्यांग माईला उतरले, आणि विचारत विचारत नदीकाठच्या या परवानाधारक गांजाच्या दुकानापर्यंत आले. दारातली मुलगी प्रत्येकाचं वय तपासत होती. त्यांना पाहून ती हसली. "आजोबा, तुमची वीस वर्षं तर कधीच भरलीत. जा, जा आत."

पिनमणीने त्यांना आत येताना पाहिलं होतं. हातातला कागद क्षणभर थांबला होता. मग ती म्हणाली होती, "या आजोबा. मागे जागा आहे."

सात वर्षं ती त्यांना बाबा म्हणत आली होती.

नवशिक्यांचा वर्ग असेल, सगळ्यांसमोर पाया पडायला अवघडली असेल, असं इन्थांनी मनाशी म्हटलं. संपल्यावर येईल.

"एक लक्षात ठेवा," पिनमणी म्हणाली. "पहिली विडी ओढायची नाही. ती गुरूची. वळून झाली की या तबकात आणून ठेवायची."

तबकात पांढरी फुलं आणि दोन मेणबत्त्या होत्या. ते तिच्याच पुढ्यात मांडलेलं होतं.

इन्थांच्या शेजारी लंपांगची बुआथिप बसली होती. तीस वर्षं इस्पितळात परिचारिका होती, आता गुडघेदुखीवर काहीतरी उपाय शोधत आली होती. तिचा कागद दुसऱ्यांदा फाटला. "माझी विडी नाही हो, हा तर मोमो झाला," ती म्हणाली आणि आजूबाजूचे हसले. मग तिने मोठ्याने विचारलं, "मॅडम, तुम्ही तुमची पहिली विडी कोणापुढे ठेवली होती?"

इन्था खुर्चीत सरळ बसले. हात आपोआप सदऱ्याच्या गुंड्यांवर गेला. वरची गुंडी लावून झाली.

"मी?" पिनमणी हसली. तिने मागच्या रांगेकडे पाहिलं नाही. "मला कोणी शिकवलंच नाही हो. एकटीनेच बसून, चुकत चुकत शोधलं सगळं. ही पूर्ण माझी पद्धत आहे."

"आणि हे बोट वर धरायचं ते कशाला? माझं तर ठणकायला लागलंय."

"त्यातच तर खरी खुबी आहे. त्याने हाताचा तोल राहतो. सवय होईल."

अकरा बोटं पुन्हा वर गेली.

इन्थांनी पुडी खाली ठेवली आणि समोरचा कागद उचलला. पुठ्ठ्याची छोटी गुंडाळी टोकाशी बसवली, चुरा पसरला, अंगठ्याने आणि मधल्या बोटाने खेळवला. तंबाखूची असो की गांजाची, विडीचं वळण एकच. त्यांच्या उजव्या हाताला तर्जनी नव्हती. चाळीस वर्षांपूर्वी तंबाखू कापायच्या पात्याने ती मुळापासून नेली होती, तेव्हापासून ते उरलेल्या बोटांनी वळत आले होते. पिनमणीला त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "पोरी, तू टेकव की बोट." तेव्हा ती लाडाने म्हणाली होती, "नाही. तुमचा हात जसा, तसाच माझा हात, बाबा."

त्यांनी गोंदाची कड ओली करून मिटवली. विडी सरळ झाली होती, काडीसारखी. ती घेऊन पुढे जावं की नाही, हे त्यांना ठरवता येईना.

शेजारी बुआथिपचा तिसरा कागद फाटला. "जाऊ दे बाई," ती पुटपुटली आणि बोट चोळू लागली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

कोणी शिकताना असं रडकुंडीला आलं, की इन्थांना गप्प बसवत नसे. ते तिच्याकडे झुकले. त्यांनी तिच्या हातात नवा कागद दिला.

"बोट खाली टेकवा, ताई," ते म्हणाले. "तुम्हाला आहे ना ते."

तिने त्यांच्या हाताकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग बोट कागदावर टेकवलं, आणि कागद वळला.

"अगं बाई!" ती ओरडली. "किती सोपं!"

पुढच्या रांगेतल्या दोघांनी वळून आधी तिच्या हाताकडे पाहिलं, मग इन्थांच्या. त्यांचीही बोटं खाली आली. मग त्यांच्या शेजारच्यांची.

तबकामागे पिनमणीचं बोट तेवढं अजून वर होतं.