माल्टाची सात पत्रं

"आजोबा कॅन बी गाइड, लाह!" नात इरा ओरडली आणि दीनानाथला कॉफीचा ठसका लागला.

सिंगापूरमधल्या सेंगकांगच्या हॉकर सेंटरमधली, खाण्याच्या स्टॉल्सच्या गर्दीतली रविवारची सकाळ. त्याच्या लेकीने, गार्गीने, मोबाइल टेबलाच्या मधोमध ठेवला होता. त्यावर चार तिकिटं. माल्टा. आईबाबांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून.

"बाबा, जहाजावर असताना तुम्ही सात वेळा गेलायत ना? आईला लिहिलेली पत्रं मला पाठ आहेत. पिवळ्या दगडांच्या गल्ल्या, रंगीत होड्या, टेकडीवरचं गाव..."

दीनानाथने बायकोकडे पाहिलं. शैला टोस्टवर लोणी पसरत होती. आता गप्प बसलो तर त्याच गल्ल्यांत नातीसमोर उघडे पडू, हे त्याला कळून चुकलं.

"मी माल्टात पाऊलसुद्धा ठेवलेलं नाही," तो म्हणाला. "जहाज तिथे थांबायचं तेच मुळी तेल भरून घ्यायला. आणि तेल भरताना इंजिनिअरला कोण सोडतंय? मालकाचे पाहुणे किनाऱ्यावर वाइन ढोसायचे साले, आणि मी खाली पन्नास डिग्रीत व्हॉल्व्ह धरून. ती पत्रं मेसमधलं माल्टाच्या चित्रांचं कॅलेंडर बघून लिहिली. सगळ्या थापा होत्या, शैला."

गार्गीने मोबाइल पालथा घातला.

"माहितेय," शैला म्हणाली. "तेव्हाही दोन मजले चढलात तरी गुडघ्यांच्या नावाने बोंब मारणारे तुम्ही. सात पत्रं टेकडीवर हिंडलात आणि गुडघा एकदाही दुखला नाही?"

"मग बोलली का नाहीस?"

"कशाला बोलू? गार्गी पोटात, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. दुपारी भांडी उरकली की पत्र उघडायचे आणि त्या गल्ल्यांतून हिंडून यायचे. तुम्ही तो पन्नास डिग्रीचा उकाडा लिहिला असतात, तर मी कुठे गेले असते हो?"

चाळीस वर्षांत दीनानाथने बायकोचे आभार मानले नव्हते. आताही तो लेकीवरच खेकसला, "खिडकीची सीट आईला दे. ऐकलंस? उतरताना बेट दिसलं पाहिजे तिला."

"नको गं," शैलाने टोस्ट त्याच्या बशीत सरकवला. "खिडकी यांना दे. मी पाहिलंय माल्टा."