बावीस वायरी

वायरवाल्यानं दारावरच्या डब्याच्या स्क्रूला स्क्रू ड्रायव्हर लावला, तेवढ्यात नानांनी खालून त्याचं स्टूल धरलं.

"राहू दे ना तो डबा. तुझं काय खातोय?"

"काका, मी पडेन."

"पडत नाहीस. धरलंय ना मी."

डबा करड्या पत्र्याचा होता. आत छोटा पंखा सतत गुरगुरायचा. डबा ठोकला तेव्हा वायरवाल्याकडे एक सायकल, वायरीचं एक भेंडोळं आणि या इमारतीतली पाच गिऱ्हाइकं होती. आता खाली त्याच्या कंपनीचं नाव लिहिलेल्या तीन गाड्या उभ्या होत्या. चाळीस हजार घरांत त्याचं इंटरनेट होतं. इथे मात्र तो अजून वायरवालाच होता, आणि सगळ्या इमारतीचं नेट अजून नानांच्या घरातल्या या डब्यातून जात होतं. नेट गेलं की कुणीतरी येऊन बेल वाजवायचं. मग नानांची बायको स्टुलावर चढून डबा बंद करून पुन्हा चालू करायची, वायरी एकेक काढून लावायची. ती गेल्यापासून, आठ महिने, नाना चढत होते.

"जिन्याखाली नवं कपाट बसवलंय," वायरवाला म्हणाला. "कुलूपवालं. लाइट गेले तरी चालतं. काही बिघडलंच तर ऑफिसात कळतं आणि तिथूनच दुरुस्त होतं. कुणी तुमच्या दाराशी यायला नको. नेट आता जाणारच नाही, काका."

"कधीच?"

"कधीच." वायरवाल्याची मान जरा ताठ झाली.

नानांनी वर डब्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "गेल्या आठवड्यात तीनदा गेलं. तीनदा बेल वाजली. एरवी नाही वाजत."

वायरवाल्याचा हात थांबला. त्यानं खाली पाहिलं.

"काका, वर चढताना तुमचे पाय लटपटतात. तिसऱ्या मजल्यावरच्या शिकवणीवाल्या बाईंनी ऑफिसात तक्रार केलीय. नेटची नाही, तुमची. 'म्हाताऱ्या माणसाला सारखं वर चढवता, लाज नाही का वाटत,' असं शब्दाला शब्द लिहून घ्यायला लावलं. वर तक्रारीचा नंबरही मागून घेतला."

"मोठी शहाणी!" नाना म्हणाले. स्टूल त्यांनी सोडलं नाही. "काढ मग. उगीच तिची तक्रार पडून राहायला नको."

डबा उघडला. वायरवाल्यानं खिशातून छापील यादी काढली. यादीत सगळ्या फ्लॅटचे नंबर होते, पण वायरींवर एकही नंबर नव्हता. प्रत्येक वायरीच्या टोकाला जखमेवर लावायची चिकटपट्टी गुंडाळलेली होती आणि पट्टीवर बॉलपेननं बारीक अक्षर होतं.

"हे मावशींचं?"

"मग काय माझं? माझं अक्षर मलाच वाचता येत नाही."

वायरी भिंतीतल्या भोकातून बाहेर ओढून जिन्याखाली नेल्या, तेव्हा नानाही पाठोपाठ खाली आले आणि शेवटच्या पायरीवर बसले. ज्याची वायर त्याच्याच जागी लागायला हवी होती, नाहीतर एकाचं नेट दुसऱ्याला गेलं असतं. वायरवाला एकेक पट्टी मोठ्यानं वाचू लागला.

"'मुलगा बोटीवर'?"

"दुसरा मजला, डावीकडे. त्याचा फोन रविवारी येतो. रविवारी ती सगळ्यात आधी ही वायर बघायची."

"'शिंका'?"

"सहा नंबर."

"यादीत सहा रिकामं दाखवलंय."

"यादी जुनी झाली. ते चारातून सहात गेले. शिंका घेऊनच गेले."

"'परीक्षा'?"

"तुझ्या तक्रारवाल्या बाई."

"'भांडण'?"

"सात नंबर. पण मिटलंय आता त्यांचं."

"मग पट्टी काढू?"

"नको, असू दे. पुन्हा होईल."

वायरवाला हसला. यादीवर खूण करत, एकेक वायर लावत गेला. लावली की एक हिरवा दिवा लागायचा. एकवीस दिवे लागले. उरलेली पट्टी त्यानं वाचली आणि तो थांबला. तिच्यावर लिहिलं होतं, 'आम्ही. शेवटी.'

"सगळ्यांचं आलं की मग आमचं," नाना म्हणाले. "ती तसंच लावायची. एकदा मी आमची आधी लावली, तर दिवसभर माझ्याशी बोलली नाही."

वायरवाल्यानं बोट ठेवून दिवे पुन्हा मोजले. एकवीस. मग त्यानं बाविसावी वायर लावली. त्याच्या पिशवीत छापील नंबरांच्या चकत्या होत्या. त्या त्यानं बाहेर काढल्याच नाहीत. चिकटपट्ट्यांसकट कपाट बंद केलं आणि कुलूप लावलं.

नाना घरी आले. पंख्याची गुरगुर नव्हती. दारावर चार भोकं आणि एक चौकोनी डाग राहिला होता. खाली स्टूल तसंच पडलं होतं. ते आत ठेवावं म्हणून त्यांनी उचललं, तोच बेल वाजली.

स्टूल हातात धरूनच त्यांनी दार उघडलं. दारात शिकवणीवाल्या बाई होत्या, जिना धावत उतरल्यानं धापा टाकत.

"नाना, नेट..."

"गेलं?" नानांनी वर पाहिलं.

"अहो, आलं! आणि काय पळतंय! म्हटलं, तुम्हाला सांगून यावं."

स्टुलावर वायरवाल्याच्या पायांची धूळ होती. नानांनी ती हातानं पुसली आणि स्टूल बाईंपुढे ठेवलं.

"बसा," ते म्हणाले.