मनगटावरचं कुलूप

दारावरचा दिवा आजही लालच होता. विभावरीच्या मनगटावरचा पट्टा नाडीवरून मन जोखायचा आणि दाराला कळवायचा. डॉक्टर म्हणत, बाहेर फिरलात की मन सावरेल. दार म्हणे, मन सावरलं की उघडेन. या फेऱ्यात ती महिनाभर अडकली होती.

"आण तो पट्टा इकडे," दिगंबर वैतागून म्हणाला. "मीच बांधतो. मला काय धाड भरलीय?"

पाठदुखी, पित्त, पहाटेपर्यंतचं जागरण, सगळं तो वयावर ढकलायचा.

त्यानं पट्टा बांधला. दिवा लालच राहिला. दार मऊ आवाजात बोललं, "मन जास्त खचलंय. खिडक्याही बंद होत आहेत."

खटके एकेक करून पडले. विभावरीनं कितीतरी दिवसांनी नवऱ्याकडे नीट पाहिलं.

"अहो," तिनं विचारलं, "कधीपासून?"