शेवटचा कप्पा

डॉक्टरांनी बाईंचं मनगट हळूच चादरीवर ठेवलं आणि म्हणाले, "औषधं आता थांबवू या."

"कुठली?" मिस्त्रींनी विचारलं. खिडकीपाशी टेबलावर वाकून ते एका खोक्याच्या कडांना टाल्कम पावडर चोळत होते.

"सगळीच."

मिस्त्रींचा हात थांबला. त्यांनी टेबलाकडे पाहिलं, डॉक्टरांकडे पाहिलं, पुन्हा टेबलाकडे पाहिलं.

"पण एक कप्पा राहिलाय."

बाईंनी शाळेत चित्रकला शिकवण्यात हयात घालवली होती, त्यामुळे अख्खी गल्ली त्यांना बाई म्हणायची. त्यांचा नवराही त्याच गल्लीत राहत असल्यामुळे तोही बाईच म्हणायचा. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, म्हणून बाई त्याला मिस्त्री म्हणायच्या. डॉक्टर बाईंच्याच वर्गात शिकलेले.

टेबलावरच्या आपल्या रंग-ब्रशांच्या पसाऱ्यावरून बाईंनी नवऱ्याचं जन्मभर ऐकून घेतलं होतं. आता तिथे एक छोटं कपाट उभं होतं. सांगाडा मोठ्यांच्या डायपरच्या जाड पुठ्ठ्याचा, कप्पे औषधांच्या खोक्यांचे, कप्प्यांच्या मुठी सिरपच्या झाकणांच्या. सलाइनची बाटली अर्ध्यात कापून तिच्यात ब्रश उभे केले होते. खोक्यांवरची नावं मिस्त्रींनी झाकली नव्हती. शोधायला तीच बरी पडायची. टाचण्या उलटीत, खोडरबर रक्तदाबात, पेन्सिलींची टोकं झोपेच्या गोळीत. कुठलाही कप्पा एका बोटाने ढकलला की न कुरकुरता आत जायचा. मध्यंतरी केमिस्टने तेच औषध दुसऱ्या कंपनीचं दिलं, तर ते खोकं बुटकं निघालं. मिस्त्रींनी ते परत नेऊन त्याच्या काउंटरवर आपटलं. "याने गुण यायचा नाही," म्हणाले.

"काका, कप्प्याचं नाही बोलत मी," डॉक्टर म्हणाले. "बाईंना आता घोटभर पाणीसुद्धा गिळवत नाही. गोळ्यांचा नुसता त्रास. उपयोग काही नाही."

"उपयोग कसा नाही? खडू कुठे ठेवायचे मग?"

"दुसरं एखादं खोकं घ्या ना. साबणाचं घ्या."

"साबणाचं?" मिस्त्रींनी पावडरचा डबा खाली ठेवला. "अहो, एवढी सगळी औषधाची आणि मध्येच एक साबणाचं? उठल्या उठल्या ही पहिली टेबलाशीच जाणार. काय म्हणेल मला?"

"काका, बाई आता..."

दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट अडकावी तसं ते वाक्य अडकलं. मिस्त्री वाट बघत उभे राहिले. अडकलेलं सोडवायचा त्यांना सराव होता, पण त्यांनी हात लावला नाही.

"लिहून दे," बाई म्हणाल्या.

डॉक्टर दचकले. बाईंना झोप लागलीय असंच ते धरून चालले होते. डोळे अजून मिटलेलेच होते, पण ऐकलं सगळंच होतं.

"काय लिहू, बाई?"

"खोक्यात येणारं काहीही."

"असं उगाच कसं लिहू?"

"आठवीत तू घोडा काढला होतास."

डॉक्टर चादरीची सुरकुती सरळ करू लागले.

"मी पास केलं तुला. घोडा होता का रे तो?"

"नव्हता, बाई."

"मग काय होतं?"

"मलाही कळलं नव्हतं."

"मग लिही."

डॉक्टरांनी पेन काढलं. मिस्त्रींकडे वळून, रुग्णाचं वय विचारावं तशा आवाजात विचारलं, "माप काय?"

मिस्त्रींनी खाली उकिडवं बसून कपाटातल्या भोकाला पट्टी लावली. "रुंदी सात सेंटिमीटर, उंची सात. आत सतरा गेलं तर झकास. पंधरा असलं तरी चालवून घेऊ."

डॉक्टरांनी क्षणभर डोळे मिटून केमिस्टच्या फळ्या आठवल्या. "टॉनिक आहे एक," ते म्हणाले. "भूक लागायचं."

"रंग?"

"हिरवा."

"हिरवा चालेल ना गं?"

"चालेल," बाई म्हणाल्या. मग जरा दम घेऊन, "पोपटी नाही ना?"

"नाही, बाई. गडद आहे."

"मग चालेल."

डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली. खाली सही केली, तारीख घातली, शिक्काही मारला. मिस्त्रींनी ती दोन्ही हातांत धरून वाचली, पायांत चपला सरकवल्या आणि दाराशी गेले. तिथून परत आले.

"जेवणाआधी द्यायचं की जेवणानंतर?"

डॉक्टर बॅगेची चेन लावू लागले. चेन केव्हाच लागली होती.

"नंतर," बाई म्हणाल्या.

"बरं झालं विचारलं." मिस्त्रींनी चिठ्ठी खिशात ठेवली, चपला काढल्या आणि स्वयंपाकघरात गेले. आत नळ सुटला, भांडं वाजलं, गॅस पेटला.

"डॉक्टर, तुम्हीपण जेवूनच जा," आतून आवाज आला. "तिघांचा कुकर लावतोय."