अंगठ्याखालचं देऊळ

निवृत्त आर्किटेक्टच्या डोळ्यांपुढे आता नुसतं धुकं उरलं होतं, म्हणून त्यांनी आपली प्राचीन रोमन नाणी संग्रहालयाला देऊन टाकायचं ठरवलं. प्रत्येकावर एखादं देऊळ, कमान नाहीतर पूल. उद्या तिथला माणूस न्यायला येणार होता. ट्रे खोक्यात भरता भरता बायकोने एक नाणं त्यांच्या तळहातावर ठेवलं.

"बघा बरं, कुठलं आहे?"

"थट्टा करतेस होय?"

"डोळ्यांनी नाही हो. अंगठा फिरवा."

अंगठा जागचा हलला नाही. नाणं कडेनेच धरायचं, चित्राला बोट लावायचं नाही, यावरून त्यांनी उभ्या जन्मात कुणाला सोडलं नव्हतं. सख्ख्या मेहुण्यालाही चहावरून उठवून हात धुवायला पाठवलं होतं.

"अगं, झिजेल ते."

"झिजू दे थोडं. तेव्हाचे लोक काय हातमोजे घालून भाजी घेत होते?"

ते हसले. मग त्यांनी अंगठा अलगद टेकवला. आधी छपराचा त्रिकोण लागला, मग पायऱ्या, मग एकेक खांब. मधल्या दोन खांबांच्या फटीत काहीतरी उंचवटा होता. अंगठा तिथेच थांबला.

"आत देव उभा आहे गं," ते हळूच म्हणाले. "मी आपला आयुष्यभर खांबच बघत बसलो."

तिने दुसरं नाणं पुढे केलं, पण त्यांच्या हातातलं पहिलं सुटेना.

"उद्याच्या त्या माणसाला फोन कर," ते म्हणाले. "सांग, यांचं अजून बघून झालेलं नाही."