भित्री

“कबूल केलं! सगळे खून कबूल केले मेल्याने!” सुपरवायझरबाई रेडिओचा आवाज वाढवत ओरडल्या, आणि शिवणखान्यातली सगळी मशिनं एकदम थांबली.

कोर्टाने लगेच शिक्षाही सुनावली होती. जन्मठेप. मरेपर्यंत तुरुंगातच. कुणी टाळ्या पिटल्या. कुणी म्हणालं, फासावरच द्यायला हवा होता, आता आयतं खाऊन लठ्ठ होईल. काजं करणारी म्हणाली, मान वाचवायला कबूल केलंय, पश्चात्ताप वगैरे काही नाही. खाली रस्त्यावर गाड्यांनी भोंगे वाजवायला सुरुवात केली होती. इस्त्रीवालीने मात्र इस्त्री उभी करून ठेवली. तिची मावशी त्यात गेली होती. ती भिंतीकडे तोंड करून बसली.

मग काजंवालीच म्हणाली, “चला, आपली भित्री सुटली एकदाची!”

“भित्री कसली, तिची सासू सुटली बिचारी!”

सगळ्या हसल्या. कॉलर लावणारी भित्रीही हसली. पण आतून तिला वाईट वाटत होतं, आणि अशा दिवशी वाईट वाटावं याची लाजही वाटत होती. आज फाटकाशी सासू नसणार, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

लग्न होऊन आली तेव्हापासून दोघींचं कधी जमलं नव्हतं. भांडण असं नव्हे. भांडायलाही थोडं बोलावं लागतं. सासू नाकावर माशी बसू न देणारी. सगळी नोकरी पोस्टाच्या खिडकीत काढलेली, आणि घरातही जाळीपलीकडून बोलावं तशी बोलायची. मुलगा लांबच्या गाड्यांवर ड्रायव्हर, आठवडा आठवडा बाहेर. घरात या दोघी, आणि मधे ती जाळी.

मग खून सुरू झाले. दिवे लागायच्या आत शहराची दारं बंद होऊ लागली. तेव्हा सगळेच घाबरलेले; कोण कशाला घाबरतंय, हे कुणी विचारत नव्हतं. नणंदेने फोन करून आईला आपल्याकडे राहायला बोलावलं. “मला कोण खातंय?” म्हणून सासूने फोन ठेवला. त्या दिवशी जेवताना सून म्हणाली, “आई, मला कामावरून एकटीला यायची भीती वाटते. तुम्ही न्यायला याल का?”

“एवढी घोडी झालीस, आणि भीती?” सासू म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी घराला कुलूप घालून, हातात बॅटरी घेऊन ती फाटकाशी हजर. कारखाना सुटायला तासभर असायचा, तरी तिने वॉचमनच्या बाकावर ठाण मांडलेलं असायचं. त्या दिवसापासून शिवणखान्यात सुनेचं नाव भित्री पडलं. ते तिने निमूटपणे घेतलं.

पहिले काही दिवस सासू पुढे आणि सून मागे अशी वरात निघायची. मग कधीतरी दोघी बरोबर चालायला लागल्या. अंधारात माणसाचं तोंड दिसत नाही, म्हणून असेल, सासू बोलायला लागली. तरुणपणी एक माणूस तिच्या खिडकीशी रोज येऊन एकच तिकीट विकत घ्यायचा. त्याला पत्र लिहायला जगात कुणीच नव्हतं. “मग काय, तिकिटं वाया जायला नकोत म्हणून लग्न केलं,” ती म्हणाली, आणि सून रस्त्यात थांबून पोट धरून हसली. सासूही हसली. तिला हसताना दात दिसतात, हे सुनेला तोवर माहीतच नव्हतं.

बेकरीपाशी दोघी एक गरम पाव घेऊन अर्धा अर्धा खायच्या. एकदा गल्लीत कुत्रं अंगावर आलं, तेव्हा सासू बॅटरीसकट सुनेच्या पाठीमागे लपली होती. “तुला पुढे करून त्याचं लक्ष वळवलं,” असं तिने नंतर ठणकावून सांगितलं. घरात पाऊल टाकलं की पुन्हा सासू ती सासू आणि सून ती सून. पण उद्या परत चालायचंय, हे दोघींना ठाऊक असायचं. खरं सांगायचं तर, सगळं शहर जीव मुठीत धरून जगत होतं, त्या दिवसांत ही सून सुखात होती.

गेल्या वर्षी तो खुनी पकडला गेला. बाकीच्या बायका एकट्या घरी जाऊ लागल्या. सासू म्हणाली, “पकडला म्हणजे तोच कशावरून? आधी कबूल करू दे.” सून घाईघाईने म्हणाली, “तेच तर!” आणि चालणं सुरू राहिलं.

आता त्याने कबूल केलं होतं. आता सासू कशाच्या निमित्ताने येणार?

भोंगा झाला. भित्रीने मशिनवर कापड टाकलं आणि सगळ्यांच्या शेवटी जिना उतरली. तिच्याबरोबर नवीन लागलेली मुलगी होती. ती परगावची, तिला इथलं मागचं काही माहीत नव्हतं. रेडिओवरची बातमी तिने एकटीने नीट कान देऊन ऐकली होती.

“पण ताई,” अंगणातून चालताना ती म्हणाली, “त्यात तर सगळ्या साठीच्या पुढच्या बायका होत्या. संध्याकाळी घरात एकट्या असलेल्या. कामावरून जाणाऱ्या बाईच्या वाटेला तो कधी गेलाच नाही म्हणे. मग तुम्हाला कसली भीती वाटायची?”

भित्रीने फाटकाकडे पाहिलं आणि पटकन तिच्या तोंडावर हात ठेवला. तिचे स्वतःचे डोळे भरून आले होते.

“हळू बोल,” ती म्हणाली. “आई आल्यात न्यायला. त्यांना अजून वाटतंय, मी माझ्याच जिवाला घाबरते.”