अडलेला शब्द

रेमी रोज दुपारी सासूला गावच्या ग्रुपवरचे मेसेज वाचून दाखवायची. मैनाबाईंना मोबाईलवरची बारीक अक्षरं दिसत नसत, आणि मिझोरमच्या रेमीला मराठी वाचायची सवय करून घ्यायची होती. मैनाबाई ओसरीत तूर निवडत बसायच्या, रेमी एकेक अक्षर लावत जायची. शब्द अडला की सासू अर्थ सांगायची.

कळंबजवळच्या त्या गावात आठवडाभर ग्रुपवर एकच विषय होता. ग्रामपंचायतीनं घरपट्टी वाढवली होती. गावातल्या कपिलनं विचारलं, नाली तर तशीच तुंबली आहे, मग वाढ कशाची? कुणी म्हणालं, सरपंचाला विचार. कुणी म्हणालं, दिल्लीला विचार. दिल्लीचं नाव निघालं आणि नाली मागं पडली. एका पंपावरून पाणी घेणारी माणसं एकमेकांना देशद्रोही आणि अंधभक्त म्हणू लागली. मैनाबाई ऐकत होत्या, मधूनच हसत होत्या.

मग घनश्यामभाऊंचा मेसेज आला. ते तीन घरं सोडून राहायचे. रेमी सावकाश वाचू लागली.

"घरपट्टी... आपण भरायची... अन् गावात... चिनी... पोसायचे."

खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग होती.

मैनाबाईंचा हात सुपात थांबला.

चिनी हा शब्द रेमीला अडला नाही. ती आणि तिचा नवरा रजत पुण्याला एका हॉटेलात कामाला होते, तेव्हापासून तो तिच्या चांगल्या ओळखीचा होता. तिला अडला तो शेवटचा.

"आई, पोसायचे म्हणजे काय?"

मैनाबाईंनी पुढचं वाच म्हणून सांगितलं. रेमीनं वाचलं नाही. मोबाईल मांडीवर उलटा ठेवून ती अंगणाकडं पाहत राहिली. कापूस वेचून तिची बोटं बोंडांनी ओरबाडली होती. तिनं हळूच विचारलं, हॉटेलचे मालक अजून बोलावतात, रजतला सांगून परत पुण्याला जायचं का?

मैनाबाईंनी सूप बाजूला सारलं. नवरा गेल्यावर या घरात त्या बरीच वर्षं एकट्याच जेवल्या होत्या. पोरगा आणि सून शेती करायला परत आले, तेव्हा कुठं ताटं तीन झाली होती.

"बोलाले कोठी दाबा लागते?" त्यांनी विचारलं.

ग्रुपवर त्या आजवर एक शब्द बोलल्या नव्हत्या. रेमी नको नको म्हणाली, पण त्यांनी हात पुढं केलेलाच होता. शेवटी तिनं बटण दाखवलं. मैनाबाईंनी मोबाईल तोंडाशी धरला आणि शेतात हाक मारावी तशा मोठ्यानं बोलल्या.

"घनश्यामभाऊ, मी मैनाबाई बोलून राह्यली. दिल्लीचं मले समजत नाई. तुमी लिहिलेलं माह्या सुनेनंच मले वाचून दाखवलं. तिले एक शब्द अडला, पोसणं. मले काई त्याचा अर्थ सांगता आला नाई. तुमी लिहिला, तं तुमीच येऊन सांगा."

दिवसभर टुणटुण वाजणारा मोबाईल नुसता पडून राहिला. रेमीला वाटलं, आता आणखी वाईट काहीतरी येणार. मग एक आवाज आला. घनश्यामभाऊंची बायको नलू बोलत होती. तीसुद्धा पहिल्यांदाच.

"मैनाबाई, हे निंघाले. चप्पल घालून राह्यले."

घनश्यामभाऊ आले आणि उंबऱ्याशी उभे राहिले. या बसा, असं कुणी म्हटलं नाही. त्यांनी खाकरून घसा साफ केला. ग्रुपवर त्यांचे परिच्छेदच्या परिच्छेद यायचे; इथं त्यांना सुरुवात सापडेना.

रेमीनं मोबाईल पुढं धरला आणि त्या शब्दावर बोट ठेवलं. "काका, हा."

त्यांनी तो पाहिला.

"पोसणं म्हणजे," ते म्हणाले, "माय लेकराले पोसते नं, ते. आपल्या माणसाले खाऊ घालणं." मग खाली मान घालून म्हणाले, "मी तो तसा लिहिला नोयता, बेटा. चुकलो मी. घरी गेलो, की पुसून टाकतो."

रेमीनं मान डोलावली. मग पायाशी पाहत ती आपल्या मोडक्या वऱ्हाडीत सांगू लागली. रजत पहिल्यांदा तिच्या गावी आला, तेव्हा तिथल्या ग्रुपवरही लोकांनी असंच लिहिलं होतं. बाहेरचा आला म्हणाले, घर-जमीन बळकावेल म्हणाले. तिथंही घरपट्टी आहे, तिथंही दिल्लीवरून भांडणं होतात.

"मंग?" घनश्यामभाऊंनी विचारलं.

"मंग माही आई बोलली," रेमी म्हणाली. "म्हणाली, तो पोरगा माह्या घरी जेवते. ज्याले पाह्यचा असन, त्यानं जेवाच्या टायमाले या."

"आले?"

"आले. समदे आले."

मैनाबाईंना हे ठाऊक नव्हतं. त्या पदराला हात पुसून सुनेच्या जवळ सरकल्या.

"तुह्या मायशी मी कवाच बोलली नाई. लाव बरं फोन तिले. तोंड दिसते तसा लाव."

"आई, तिले मराठी येत नाई. हिंदीबी नाई."

"मले कोठी तिची येते? लाव तू."

रेमीनं फोन लावला. दूर कुठंतरी रिंग वाजू लागली. घनश्यामभाऊ आता आत येऊन त्या दोघींच्या मागं उभे होते. पडद्यावर तेही दिसत होते; त्यांनी शर्टाची वरची गुंडी लावली.